गाडीने कोणता पूर पाहिला?

वापरलेली मोटारसायकल घेताना पहिला प्रश्न सहसा किलोमीटरचा आणि दुसरा किमतीचा विचारला जातो. परंतु कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीत, आणि एकूणच शिरोळ, कोल्हापूर, सांगली या नदीकाठच्या पट्ट्यात, या दोहोंच्या आधी विचारावा असा एक प्रश्न आहे, आणि तो म्हणजे ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये ही गाडी कोठे उभी होती. लांबच्या प्रवासासाठी घ्यायच्या गाडीच्या बाबतीत तर या एका प्रश्नाच्या उत्तरावर बाकीची सारी तपासणी अवलंबून असते, कारण पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी धुऊन, पुसून आणि रंग देऊन नव्यासारखी दिसू शकते, मात्र तिच्या आत गेलेला गाळ महिनोन्महिने आपले काम करत राहतो.

वाडीला पाणी नवे नाही. पावसाळ्यात नदी पायरी पायरीने चढत दत्तमंदिरात येते, उत्तरेच्या दाराने शिरलेले पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नान करण्यासाठी दुरून भाविक येतात. दरवर्षीचे हे चढते-उतरते पाणी गावाच्या जगण्याचा भाग आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर मात्र वेगळे होते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी तेथील पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला, आणि शिरोळ तालुक्यातील गावांत घराघरांत शिरलेले पाणी दिवसेंदिवस हलले नाही. अशा वेळी माणसे, जनावरे आणि धान्य आधी हलवले जाते आणि गाडीचा विचार शेवटी होतो, हे योग्यच आहे. दारात, गोठ्यात आणि तळमजल्यावर उभ्या असलेल्या कित्येक दुचाकी त्या दिवसांत बुडाल्या.

त्या गाड्या पुढे नाहीशा झाल्या नाहीत. काही मालकांनी त्या गावातल्या मिस्त्रीकडून खोलून घेऊन चालू केल्या, काहींचा विमा मंजूर होऊन विमा कंपन्यांनी त्या भंगार म्हणून विकल्या, आणि काही गाड्या पूर कधीच न पाहिलेल्या शहरांतल्या बाजारात जाऊन उभ्या राहिल्या. उलट दिशेनेही हेच घडते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड, ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई पाण्याखाली होती, आणि तेथील गाडी आज कोणत्याही गावात विक्रीला असू शकते. म्हणून हा प्रश्न नदीकाठच्या माणसाने जेवढा विचारायचा, तेवढाच डोंगरमाथ्यावरच्या माणसानेही विचारायचा आहे.

टूरिंग मोटारसायकल म्हणजे सामानासह, बहुधा दोघांना घेऊन, एका बैठकीत शेकडो किलोमीटर न थकता जाण्यासाठी योग्य अशी गाडी. तिची टाकी मोठी असते, बसण्याची ठेवण सरळ असते, इंजिनाची ओढ खालच्या वेगातही भक्कम असते आणि मागे पेट्या किंवा झोळ्या बांधण्यासाठी लोखंडी आधार लावता येतात. रॉयल एनफिल्डची २०१६ साली आलेली हिमालयन, त्याच वर्षाच्या अखेरीस बाजारात आलेली चाकणची बजाज डॉमिनार, २०१९ ची हीरो एक्सपल्स आणि २०२० ची केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर ही या वर्गातली नावे वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात वारंवार दिसतात, आणि बुलेट व क्लासिक यांच्यावर तर कित्येकांनी आधीपासूनच देश पालथा घातलेला आहे. वाडीच्या परिसरात अशा गाडीला स्वतःचे एक कारणही आहे. दत्तसंप्रदायातील स्थाने, म्हणजे औदुंबर, गाणगापूर, अक्कलकोट, कुरवपूर आणि थेट आंध्रातील पिठापूर, एकमेकांपासून दूरदूर पसरलेली आहेत आणि ती वारी दुचाकीवरून करणाऱ्यांची संख्या लहान नाही. गावात रोज बाजारहाट करणाऱ्या गाडीचे एखादे बेअरिंग गेले तर ती ढकलत गॅरेजपर्यंत नेता येते; विजापूर मागे टाकून गाणगापूरच्या वाटेवर असलेल्या गाडीचे तेच बेअरिंग भर वेगात चाक अडवू शकते. लांब पल्ल्याच्या गाडीतला दोष धोकादायक ठरतो तो याच कारणाने.

पुराचे पाणी म्हणजे नुसते पाणी नव्हे, हे समजल्याशिवाय तपासणी कोठून सुरू करायची ते कळत नाही. पंचगंगेचे पाणी सह्याद्रीच्या जांभ्याच्या उतारांवरून तांबडी माती घेऊन येते, तर नदीकाठची शेते ही बसाल्ट खडक झिजून झालेल्या काळ्या मातीची आहेत, आणि या काळ्या मातीतील चिकणमातीचे कण अतिशय बारीक असून पाणी शोषून फुगतात व वाळताना घट्ट चिकटून बसतात. शेतकऱ्याला हीच मळी हवीहवीशी वाटते. यंत्राच्या आत मात्र ती ग्रीसमध्ये मिसळून कानशीसारखी घासत राहते, आणि तिच्यासोबत आलेले सांडपाणी, खते व तेल यांच्यामुळे धातूवर गंज चढण्याची गती वाढते. साध्या पावसात भिजलेली गाडी दोन दिवसांत कोरडी होते; पुरात राहिलेल्या गाडीच्या पोकळ भागांत, उदाहरणार्थ मागचे चाक धरून ठेवणाऱ्या स्विंगआर्मच्या नळीत, चासीच्या नळ्यांत आणि हँडलच्या टोकांत, ओलसर गाळ कित्येक महिने तसाच राहतो.

म्हणून तपासणी गाडीच्या चकाकत्या भागापासून नव्हे, तर कोणी धूत नाही त्या जागांपासून सुरू करावी. सीट काढून तिच्या खालच्या बाजूचा फोम दाबून पाहावा आणि वासही घ्यावा, कारण फोममध्ये मुरलेला गाळाचा कुबट वास सहसा जात नाही. सीट नवी असेल आणि बाकीची गाडी जुनी असेल तर ती का बदलली हे विचारावे. बॅटरीचा कप्पा, हवेच्या फिल्टरची पेटी, हत्यारांचा डबा, हॉर्नचा आतला भाग, हेडलाइटच्या आरशाचा खालचा काठ आणि वेगमापकाच्या काचेची आतली बाजू येथे बारीक मातीची रेघ किंवा धुके दिसते का ते टॉर्चच्या उजेडात पाहावे. पाण्याची पातळी जेथे दीर्घकाळ स्थिर राहिली तेथे घराच्या भिंतीवर जशी रेघ उमटते, तशीच ती गाडीच्या आतल्या प्लॅस्टिकवरही उमटते, आणि रेघ कोणत्या उंचीवर आहे यावरून काय काय बुडाले होते ते ताडता येते. चाकाच्या अर्ध्यापर्यंत पाणी आले असेल तर बेअरिंग, ब्रेक आणि साखळी एवढ्यावर भागते. सीटपर्यंत आले असेल तर इंजिन, टाकी आणि सारे वायरिंग संशयाच्या कक्षेत येते.

टाकीची तपासणी सोपी आहे आणि तरी ती बहुतेक वेळा राहून जाते. पेट्रोलपेक्षा पाणी जड असल्याने ते टाकीच्या तळाशी बसते आणि गंज तेथूनच सुरू होतो. त्यामुळे झाकण उघडून टॉर्चने तळ पाहणे हेच महत्त्वाचे, वरच्या भिंती स्वच्छ असून उपयोग नाही. ऊसपट्ट्यातून येणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळलेले असते आणि त्याला पाण्याची ओढ असते; टाकीत पाणी साचले तर इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाशी उतरते, आणि पंप हाच थर आधी ओढतो. इंधन फवारणीच्या, म्हणजे इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीच्या आतच असल्याने गंजाचे कण आधी पंपाची जाळी आणि मग फवारणीची बारीक छिद्रे अडवतात, व चढावर गाडी अचानक दम सोडते.

इंजिनाचे नुकसान दोन प्रकारांनी होते. बंद गाडी पाण्यात नुसती उभी राहिली तर पाणी हवेच्या मार्गाने, सायलेन्सरमधून आणि इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून हळूहळू आत उतरते. तेलात पाणी मिसळून त्याचा चहासारखा दुधट लगदा होतो आणि बेअरिंगांवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. दुसरा प्रकार याहून वाईट आहे, आणि तो पुरापेक्षा माणसाच्या घाईने घडतो. पाणी ओसरल्यावर काहीही न खोलता कोणी सेल्फ मारला तर पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये साचलेल्या पाण्यावर आदळतो, आणि हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नसल्याने पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, किंचित वाकतो. असे इंजिन पुढे चालूही होते, पण त्याची दाबक्षमता कमी राहते, आवाजात एक खोल ठोका येतो आणि काही हजार किलोमीटरनंतर ते मोडते. तेल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूस पांढरट साय असेल तर ती थंडीच्या दिवसांत छोट्या फेऱ्यांमुळेही साचलेली असू शकते, हे खरे. पण तेल पाहायच्या काचेतही तोच रंग दिसत असेल, तर पुढे बोलणी करण्यात अर्थ नाही.

या सगळ्यासाठी इंजिन थंड असले पाहिजे, आणि तसे विक्रेत्याला आदल्या दिवशी फोनवर स्पष्ट सांगून ठेवावे. गेल्यावर प्रथम हाताने इंजिनाला स्पर्श करून पाहावा. ते कोमट लागले तर गाडी आधी चालू करून तापवलेली आहे, आणि थंड इंजिन सुरू होताना जे सांगते ते मग ऐकायला मिळत नाही. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात धरावे. सुरुवातीचा टॅपेटचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागांचा, टिकटिक आवाज तापल्यावर कमी व्हावा. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल तर तेल जळते आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा झडपांचे सील झिजले आहेत. काळा धूर जास्त पेट्रोलचा असतो व तो बहुधा दुरुस्त होतो. पाण्याने थंड होणाऱ्या डॉमिनार किंवा केटीएमसारख्या गाडीत गोडसर वासाचा पांढरा धूर दिसला तर मात्र थंडावा देणारा द्रव सिलिंडरमध्ये झिरपत असतो, आणि ते काम खर्चिक आहे. अशा गाडीचा पंखा सुरू होईपर्यंत ती जागेवर चालू ठेवावी व तो लागतो का ते पाहावे. घाटात ट्रकमागे अडकल्यावर या पंख्याची किंमत कळते.

विजेचा भाग हा पुराच्या गाडीचा सर्वांत अवघड भाग असतो, आणि येथे गाडीच्या जन्मतारखेचा संबंध येतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण मानके लागू झाल्यावर कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि त्याची जागा इंजेक्शन, संवेदक व त्यांचा हिशेब ठेवणारा संगणकाचा डबा यांनी घेतली. याचा अर्थ असा की, २०२१ च्या जुलैत बुडालेल्या गाड्यांत अगदी नव्या बीएस-६ गाड्याही होत्या, ज्यांचे रूप आजही ताजे दिसते आणि ज्यांची वायरिंग मात्र आतून हिरवी पडलेली असू शकते. तांब्याच्या तारेवर ओल बसली की हिरवट क्षार तयार होतात, ते प्लगच्या जोडणीतून तारेच्या आवरणाखाली सरकत जातात, आणि मग दोष कधी येतो, कधी जातो. कार्ब्युरेटरची जुनी बुलेट पूर्ण खोलून, धुऊन आणि नवी वायरिंग घालून पुन्हा प्रामाणिकपणे उभी करता येते. पूर्ण बुडालेली इंजेक्शन-एबीएसची गाडी लांबच्या प्रवासासाठी घेऊ नये, तिची किंमत कितीही कमी असली तरी. टाकीखालचे व हेडलाइटमागचे दोन-तीन प्लग सोडून त्यांच्या पिना चकचकीत आहेत का ते पाहणे हा येथला सर्वांत विश्वासाचा पुरावा आहे. किल्ली फिरवल्यावर एबीएसचा आणि इंजिनाचा इशारादिवा लागलाच पाहिजे. इंजिनाचा दिवा गाडी सुरू होताच, व एबीएसचा गाडी थोडी पुढे जाताच विझला पाहिजे. जो दिवा मुळात लागतच नाही, तो कोणीतरी मुद्दाम तोडलेला असण्याची शक्यता अधिक असते. अधिकृत सेवा केंद्रात स्कॅनर जोडून साठलेले दोष वाचून घेता येतात.

पाण्याचा विषय संपला की उरलेली तपासणी कोणत्याही टूरिंग गाडीची असते, आणि तिच्यात सामान आणि अपघात या दोन गोष्टींवर नजर ठेवायची असते. पेट्यांच्या आधाराचे वजन ज्या मागच्या चौकटीवर येते तेथील वेल्डिंगजवळ रंगाला गेलेली केसासारखी चीर किंवा नंतर मारलेला वेगळ्या छटेचा रंग दिसला तर ती चौकट लदाखच्या वाटेवर तुटून आलेली असू शकते. पुढचे चाक हवेत उचलून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. अगदी मध्यावर ते खोबणीत बसल्यासारखे अडखळले तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याची बेअरिंगे, झिजली आहेत. हँडल ज्या ठोकळ्यावर आदळून थांबते तो ठोकळा दबलेला किंवा घासून रंगवलेला असेल तर गाडी समोरून जोरात धडकलेली आहे. शॉकअपच्या चकचकीत नळीवर बोट फिरवून खड्डे आणि तेल तपासावे. चाक फिरवून रिम डोलते का, आणि बाजूने धरून हलवल्यास बेअरिंगमध्ये खेळ आहे का, हे पाहायला एक मिनिट पुरते.

साखळीबाबत मिस्त्री लोकांची रीत उत्तम आहे. मागच्या दात्याच्या सर्वांत मागील बिंदूवर साखळी बोटाने ओढावी. अर्धा दाता उघडा पडला तर चेनसेट बदलायची वेळ झालेली असते, आणि दात्यांची टोके आकड्यासारखी वळलेली असतील तर ती आधीच उलटून गेलेली असते. टायरच्या बाजूवर चार अंकांत त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष लिहिलेले असते, जसे २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल असली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक होते व ओल्या घाटात घसरते. हा आकडा किलोमीटरचा खोटेपणाही उघड करतो, कारण काट्यावर ८,००० किलोमीटर असलेल्या गाडीवर मूळ टायरऐवजी नंतरच्या वर्षाचे दुसरे टायर असेल, तर ते का बदलावे लागले याला उत्तर हवे. पायाच्या खुंटीचे रबर, गिअरचा दांडा, हँडलचे ग्रिप आणि किल्लीवरची घासट हे काटे मागे फिरवता येत नाहीत. तरीही जास्त किलोमीटरची भीती अवास्तव बाळगू नये. महामार्गावर एका लयीत चाललेले ४०,००० किलोमीटर शहरातल्या धरसोडीच्या १५,००० पेक्षा इंजिनाला पुष्कळदा सोपे जातात, जर तेल वेळच्या वेळी बदलले असेल तर. ब्रेकच्या तबकडीवर तिची किमान जाडी कोरलेली असते आणि ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून ते काळपट दिसले तर लांब उतारावर ब्रेक ढिले पडतील हे गृहीत धरावे.

कोल्हापूरहून गोवा जवळ असल्यामुळे तेथील गाड्याही इकडे विक्रीस येतात, आणि त्यांचा शत्रू वेगळा आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेने येणारा गंज पाण्याच्या रेघेसारखा एका उंचीवर थांबत नाही, तो स्पोक, नट-बोल्ट, सायलेन्सरची जोडणी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर सर्वत्र ठिपक्यांनी उठतो. शिवाय तेथे भाड्याने फिरवलेली गाडी, जिची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात, नंतर खासगी नोंदणीत बदलून विकलेली असू शकते. नोंदणी पुस्तकातील आधीचा वर्ग वाचल्यास हे समजते, आणि अनेक अनोळखी हातांनी हाताळलेला क्लच व गिअरबॉक्स त्यानुसार तपासता येतो.

कागदपत्रांत चासी क्रमांक पहिला. सतरा अक्षर-अंकांचा हा क्रमांक हँडलच्या खाली चासीवर ठोकलेला असतो. तो आणि इंजिनावरचा क्रमांक आरसीशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे, व त्याभोवती घासल्याच्या खुणा नसाव्यात. बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा आरसीवर असेल तर कर्ज फिटल्याचे पत्र आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. सीमेपलीकडच्या चिकोडीची, म्हणजे केए २३ क्रमांकाची गाडी वाडीच्या बाजारात स्वस्त वाटते, पण तिला तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आवश्यक असते, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार तेथे नव्याने नोंदवावी लागत असल्याने महाराष्ट्राचा करही किमतीत धरला पाहिजे. एमएच ०९ किंवा एमएच १० पासिंगच्या गाडीला हा खर्च नाही. थकलेले ई-चलन, खासगी गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत आणि २०१९ पूर्वीच्या गाडीवर उच्च सुरक्षा पाटी बसवली आहे का, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळांवरून घरबसल्या पाहता येते.

कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी हातोहात विकण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे व ती दोघांनाही बाधते. सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात २०१८ साली स्पष्ट केले की, गाडी कितीही हातांतून गेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक मानला जाईल. म्हणून विक्रेत्यानेही खरेदीदाराच्या मागे लागून नाव बदलून घेण्यातच त्याचे हित आहे. खरेदीदाराने चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. दाव्याविना मिळालेली सवलत मालकाची असते, गाडीची नव्हे, ती गाडीबरोबर येत नाही.

पुराचा माग काढण्यात विम्याचा कागदही बोलतो. केवळ तृतीय पक्षाचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता विमा असेल तर पुराची भरपाई मिळत नाही, त्यामुळे त्या गाडीच्या बुडण्याची नोंद कोठेच राहत नाही. सर्वसमावेशक विमा असेल व दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक निघाला असेल तर ती संपूर्ण हानी ठरवली जाते, आणि पॉलिसी क्रमांकावरून विमा कंपनीकडे असा दावा झाला होता का याची विचारणा करता येते. सर्वांत बोलकी असतात ती सेवा केंद्राची बिले. २०१९ च्या किंवा २०२१ च्या पावसाळ्यानंतर लगेच बेअरिंग, वायरिंग, क्लचप्लेट आणि सीट एकाच बिलात बदललेली दिसली, किंवा नियमित बिलांत नेमकी तेवढ्याच काळाची पोकळी आढळली, तर उत्तर मिळालेले असते. कंपनीने स्वतः परत बोलावलेल्या गाड्यांचे काम झाले आहे का, हेही तेथेच कळते. रॉयल एनफिल्डने मे २०२१ मध्ये मिटिऑर, क्लासिक आणि बुलेट या गाड्यांची इग्निशन कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारे वेटोळे, तपासण्यासाठी सुमारे २ लाख ३७ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या.

किमतीसाठी विमा-मूल्याची घसारा-पद्धत हा एक बिनपक्षपाती आधार आहे: पहिल्या वर्षाच्या अखेरीस १५, दुसऱ्याच्या २०, तिसऱ्याच्या ३०, चौथ्याच्या ४० आणि पाचव्याच्या अखेरीस ५० टक्के. बुलेटसारख्या मागणी असलेल्या गाड्या याहून महाग विकल्या जातात. ठरलेल्या किमतीतून चेनसेट, टायर, बॅटरी आणि कोनसेट यांचा खर्च गावच्या मिस्त्रीकडून लिहून घेऊन तो वजा करावा. एक गोष्ट मात्र येथे सांगितलीच पाहिजे. ज्या माणसाचे घर बुडाले, ज्याने पुरानंतर गाडी खोलून नीट केली आणि जो विचारण्याआधीच ते सांगतो, त्याच्या प्रामाणिकपणाचा उपयोग किंमत पाडण्यासाठी करणे अन्यायाचे आहे. जो गाळाची रेघ पुसून गप्प बसतो, त्याच्यापेक्षा असा विक्रेता कितीतरी अधिक विश्वासाचा असतो, आणि त्याची जुनी कार्ब्युरेटरची गाडी योग्य भावात घेण्यासारखी असू शकते.

गाडी घरी आल्यावर लगेच लांबच्या वाटेला लागू नये. इंजिनाचे तेल आणि फिल्टर बदलून ५०० किलोमीटरनंतर ते पुन्हा बदलावे, म्हणजे दुसऱ्या वेळच्या तेलात धातूची चमक आहे का ते कळते. ब्रेकचे तेल, चाकांची बेअरिंगे आणि सर्व केबल नव्या घालाव्यात व त्यांची तारीख वहीत लिहावी. त्यानंतर पहिली फेरी कुरुंदवाडमार्गे खिद्रापूरच्या कोपेश्वरापर्यंत, दुसरी औदुंबरपर्यंत, आणि तिसरी, सामान व मागचा स्वार यांच्यासह, गगनबावड्याचा घाट उतरून पुन्हा चढण्याची करावी. घाट चढून आल्यावर गाडी रात्रभर उभी करून सकाळी तिच्याखालची फरशी पाहावी, तेलाची पातळी मोजावी आणि पेट्यांच्या आधाराचा प्रत्येक बोल्ट पान्याने तपासावा. फरशी कोरडी, पातळी जागच्या जागी आणि बोल्ट घट्ट असतील, तर येत्या पौर्णिमेला गाणगापूरची वाट धरायला हरकत नाही.